चुकीच्या पोथीचं पारायण

रविवार, २७ जुलै

शंकरची गिरणी विकायला निघाली. सकाळी दाढी करत होतो तेव्हा सौ.नं सांगितलं. विट्याचा कुणीतरी माणूस मशीन बघून गेलाय, व्यवहार अमावस्या झाल्यावर. शंकर नि वहिनी सांगलीला जाणार, लेकीच्या, रेखाच्या जवळ खोली घेऊन राहणार.

गालाला ब्लेड लागलं.

शंकरशी बोलून चार वर्षं झाली. भांडण नाही, बांधाचा वाद नाही. त्याच्या रेखानं जातीबाहेर लग्न केलं आणि त्यानं ते लपवाछपवी न करता, मांडव घालून लावून दिलं, एवढंच. गावानं ठराव केला नाही. ठराव केला तर पोलीस येतात, हे सगळ्यांना ठाऊक. नुसतं दळण बंद झालं. सगळं गाव चार किलोमीटरवर दळण नेतं. मीही नेतो, स्कूटरवर डबा बांधून. वाटेत कुणी भेटलं की आम्ही एकमेकांना सांगतो, तिथलं पीठ बारीक येतं.

फौजेत हुकूम असायचा, हुकमाखाली सही असायची. इथं सही कुणाची ते शोधून सापडत नाही.

मंगळवार, २९ जुलै. नागपंचमी

गुरुवारपासून पारायण. वाचक मीच, आवाजामुळे. सिग्नलमध्ये सव्वीस वर्षं वायरलेसवर ओरडलो, त्याची ही पेन्शन. तात्या येऊन बजावून गेले. (तात्या म्हणजे पारायण मंडळाचे अध्यक्ष, वय ८१, गावात पान हललं तर आधी त्यांना कळतं.) त्यांचं दरवर्षीचं तेच: "वाचकानं तोंड उघडलं की शेवटच्या पानापातूर तीच पोथी. मधी मोडायची न्हाई. मोडली तर गावावर इघ्न."

सौ.नं पोथीसाठी नवा लाल रुमाल शिवला. कापड उरलं म्हणून माझ्या फाटक्या कादंबरीलाही तसाच एक शिवला. बरं वाटलं.

ही कादंबरी तालुक्याच्या वाचनालयात रद्दीला निघाली होती, मॅडमनी मला दिली. मुखपृष्ठ नाही, पहिलं पान नाही, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. परमुलखातली जुनी गोष्ट, कुणीतरी मराठीत आणलेली. एका गावात दरवर्षी सगळ्यांनी दारं पांढरी रंगवायची. एक विणकर बाई एका वर्षी निळं रंगवते. तिला कुणी मारत नाही, हाकलत नाही. हळूहळू ती कुणाला दिसेनाशी होते. सांगणारा आहे गावचा टपालवाला.

फौजेत बराकीतल्या कपाटातल्या अशा पुष्कळ वाचल्या. जुन्या चांगल्या कादंबऱ्यांत मला एक गोष्ट दिसते. खलनायक म्हणून एखादा सावकार किंवा दारोगा उभा केलेला असतो, पण शंभर पानं गेली की कळतं, तो नुसता नावाला आहे. खरा त्रास देतात ते शेजारी. चांगले, देवभोळे, आजारपणात धावून येणारे शेजारी. सगळ्यांनी सारखं असावं एवढंच त्यांचं म्हणणं असतं. हे मी इथं लिहितो, चावडीवर बोलत नाही.

पान १६० च्या पुढे मी ती वाचलेली नाही. मुद्दामच.

गुरुवार, ३१ जुलै. दिवस पहिला

काय होऊन बसलं हे. लिहितो तरी, म्हणजे डोकं जागेवर येईल.

तीन वाजता देवळात. समई, हार, नारळ फुटला, घंटा झाली. मी रुमाल सोडला, पान उघडलं आणि सुरू केलं. समोर जे लिहिलंय ते आधी म्हणायचं, अर्थ मागनं, ही सिग्नलची खोड. दीड वाक्य तोंडातून गेलं आणि मग कळलं की पोथी घरी ट्रंकेवर राहिली. हातात टपालवाला.

समोर शंभर माणसं हात जोडून. तात्या पहिल्या ओळीत डोळे मिटून. थांबलो असतो तर पारायण पहिल्याच ओळीला मोडलं असतं. नाही थांबलो. पोथीच्याच चालीत, ओळीच्या शेवटी स्वर लांबवत तीस पानं वाचली. घाम पाठीवरून पायापर्यंत.

कुणाला काही कळलं नाही! भाषा जुनी, चाल नेहमीची. आरती झाली, पाया पडले. सरूआक्का (नव्वदीची, दात नाहीत, अक्कल शाबूत) जवळ येऊन म्हणाली, "हवालदार, ह्यो टपालवाला म्हंजी द्येवाचा दूत का रं?"

म्हटलं, असंल.

सौ.ला सांगितलं तर ती पदर तोंडात कोंबून हसली. "आवं, पर लोकं बसली न्हवं? मग वाचा की."

शुक्र. १ ऑगस्ट. दि. २

सकाळी तात्यांकडे कबुली द्यायला गेलो. त्यांना आधीच कळलं होतं. त्यांची नातसून बी.ए. झालेली, तिनं रात्रीच सांगितलेलं.

"देवळात कादंबरी? लाज हाय का? आजपास्नं बंद."

"बंद करतो. मग मोडलं म्हणायचं का?"

सरूआक्का तिथंच ओट्यावर तंबाखू मळत होती. म्हणाली, "मोडायचं न्हाई. चाळीस वरसं तूच सांगतुयास, मोडलं तर इघ्न. माजा नातू हद्दीवर हाय. म्या न्हाई मोडू द्यायची." आतल्या दारातून नातसूनही म्हणाली, व्हय, न्हाई मोडायचं. तिच्या तोंडावर इतका भोळा भाव होता की मला दुसरीकडे बघावं लागलं.

स्वतःच्या नियमात स्वतःच सापडलेला माणूस मी फौजेतही पाहिला नव्हता. शेवटी तात्या म्हणाले, "वाचा. पर बिगीबिगी आटपा."

म्हणजे दोनशे बारा पानं, सात दिवस, मंडळाच्या परवानगीनं. आज चाल सोडली, सरळ वाचलं. आता सगळ्यांना माहीत आहे की ही पोथी नाही. गर्दी कालच्यापेक्षा जास्त.

रवि. ३ ऑग. दि. ४

काल लिहिणं राहिलं, घसा गेला होता. सौ. हळद-दूध देते नि शिव्याही.

आजचं पान मी विसरणार नाही. निळ्या दाराची बाई पाव घ्यायला जाते. फळीवर पाव रचलेले, वाफ येतेय. पाववाला तिच्याकडे न बघता म्हणतो, संपले. ती फळीकडे बघते, त्याच्याकडे बघते, आणि "बरं" म्हणून निघून जाते. तिच्या मागची बाई दोन पाव घेते. बस्, एवढंच आहे. कुणी ओरडत नाही, रडत नाही.

देवळात सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना गेलं:

"आपल्या गिरणीवानीच की गं हे."

चार वर्षांत हा शब्द पहिल्यांदा चारचौघांत निघाला. तात्यांनी खाकरून घसा साफ केला. मी पुढे वाचत राहिलो. खोटं कशाला लिहू, आनंद झाला होता. लय आनंद. इतकी वर्षं मी एकटा कपाटाशी बसून जे वाचलं ते आज शंभर माणसांच्या अंगावर काटा आणत होतं. त्या लेखकाचं नावसुद्धा मला माहीत नाही. आमचं गाव त्यानं पाहिलेलं नाही, तरी त्याला सगळं ठाऊक.

सोम. ४ ऑग. दि. ५

तात्यांचा निरोप: मधली पानं गाळा, शेवट वाचून मोकळे व्हा.

रागानं निरोप्याला चहासुद्धा विचारला नाही. गाळायची म्हणे! पण मग घरात येऊन बसलो आणि माझं मलाच कळलं की गाळायची इच्छा माझीच जास्त आहे. उद्या पान १६० येतं.

इथं लिहिलं पाहिजे. चार वर्षांपूर्वी शंकरनं रेखाच्या लग्नाच्या चाळीस पत्रिका माझ्याकडे दिल्या होत्या. "वसंता, तू वाट. तुझ्या हातनं गेल्या तर मानाच्या व्हतील." प्रत्येकीवर त्याच्या हातचं नाव. मी त्या ट्रंकेत ठेवल्या. तात्यांनी मला सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. मीच म्हटलं, दोन दिवस बघू, वारा कुठल्या बाजूचा आहे. मग लग्न झालं. मांडवात गावातलं कोणी गेलं नाही. शंकरला वाटतं, बोलावूनही कोणी आलं नाही. गावाला वाटतं, पत्रिका दिली नाही, एवढा त्याला माज.

भरती झाली तेव्हा आम्ही दोघं साताऱ्याला बरोबर गेलो होतो. सपाट तळपायामुळे त्याला काढलं, मला घेतलं. घरच्यांना सांगायला माझ्या आईकडे माझ्याआधी तो पळत गेला होता.

कादंबरी मी १६० ला का मिटली होती ते आता उघड आहे. तिथं टपालवाला निळ्या दाराच्या बाईची पत्रं पिशवीत परत घालतो. त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

मंगळ. ५ ऑग. दि. ६

वाचलं. एक ओळ गाळली नाही.

टपालवाल्याची कबुली साडेतीन पानांची आहे. पहिलं पान निभावलं. दुसऱ्यावर आवाज फुटला. पाणी प्यायलो, परत सुरू केलं, परत फुटला. पुस्तक मिटून, मध्ये बोट ठेवून उभा राहिलो.

म्हणालो, "ह्याच्यापुढचं माझं हाय. पुस्तकातलं न्हाई." आणि सगळं सांगितलं. पत्रिका, ट्रंक, चाळीस नावं. शंकरनं तुम्हांला सगळ्यांना बोलावलं होतं. मी पोहोचवलं नाही.

मला वाटलं होतं लोक थुंकतील. तात्या उठले, म्हणाले, "आता हे कशापाई उकरायचं? झालं गेलं." दोन-चार जण मान हलवायला लागले. तेवढ्यात सरूआक्का, बसल्या जागेवरून, "माज्या नावाची हाय का त्यात?"

"हाय, आक्का."

"मग दे की! माजं आवतण तू कोण ठिवून घेणारा?"

नंतर जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही. बायका उठल्या. माजी? माजी हाय का? आमच्या ह्यांच्या नावाची? सौ. घरी जाऊन ट्रंकेतला गठ्ठा घेऊन आली. (तिला जागा माहीत होती! चार वर्षं माहीत होती नि बोलली नाही. यावर मागनं बोलू.) देवळात, समईसमोर, चार वर्षं उशिरा, मी नावं वाचून पत्रिका वाटल्या. हजेरी घेतल्यासारखं एकेका नावाला "आले" ऐकू येत होतं. सात जण वारलेत, त्यांच्या पोरांनी घेतल्या. नातसुनेनं तात्यांच्या नावाची घेतली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उचलली नाही, खालीही टाकली नाही.

मग सगळे परत बसले आणि म्हणाले, वाचा पुढं. पारायण मोडायचं न्हाई.

बुध. ६ ऑग. दि. ७

पुस्तक संपलं. टपालवाला सगळी पत्रं घेऊन निळ्या दाराशी जातो, कडी वाजवतो. आतून पावलं ऐकू येतात. संपलं.

लोक चिडले. मीही चिडलो. तात्या सगळ्यांत जास्त: "मग? उगाडलं का न्हाई दार त्या बाईनं?" म्हटलं, लिहिलेलं नाही. "ह्याला काय अर्थ हाय? सात दिवस बसलो की आमी!" बसले होते खरे. एक दिवस चुकवला नाही म्हाताऱ्यानं.

उद्या समाप्तीची मिरवणूक. वाचकानं ग्रंथ डोक्यावर घ्यायचा, अध्यक्षांनी वर छत्री धरायची, मागं टाळ-मृदंग नि गाव. नियम दोन. ग्रंथाच्या पुढे कुणी चालायचं नाही, ग्रंथ सोडून कुणी फिरायचं नाही. चावडीपाशी चार वर्षं आम्ही उजवीकडे वळतो. डावीकडे शंकरची गल्ली.

वाट कुठली ते डोक्यावर ग्रंथ असलेला ठरवतो.

गुरु. ७ ऑग. समाप्ती

डावीकडे वळलो.

कुणाला सांगितलं नव्हतं, सौ.लासुद्धा. चावडी आली, पाय वळवले. डोक्यावर लाल रुमालातली कादंबरी, ऊन तापलेलं. मागं टाळ एकदम विस्कटले. छत्रीची सावली माझ्यावरून गेली, म्हणजे तात्या थांबले. मागं बघता येत नाही, मान हलवली तर ग्रंथ पडतो. वीस पावलं मी एकटाच चाललोय असं वाटलं. आयुष्यात इतका भ्यालो नव्हतो, हद्दीवरसुद्धा नाही.

मग मृदंग सुरू झाला. मागं, मी वळलो त्याच गल्लीत. नियमच तसा, ग्रंथ सोडून फिरायचं नाही! पावलं वाढत गेली, गल्ली भरली.

शंकर गिरणीच्या दारात उभा, अंगावर बनियन. वहिनी उंबऱ्यात. त्यांना वाटलं असणार, गाव भांडायला आलं. वहिनीनं दाराची कडीच हातात धरली होती.

सरूआक्का कुणाच्या तरी खांद्याला धरून पुढे झाली. ग्रंथाच्या पुढे! नियम मोडला म्हातारीनं, कुणी काही बोललं नाही. पत्रिका वहिनीपुढे धरून म्हणाली, "आवतण परवा मिळालं गं. उशीर झाला. जेवाय घालणार हायस का न्हाई?"

मागून हात वर आले, प्रत्येकात पत्रिका. वहिनी पत्रिकेवरचं रेखाचं नाव वाचत राहिली आणि मग उंबऱ्यावरच बसून मोठ्यानं रडली. बायकांनी तिला उठवलं, आत नेलं. चूल पेटली. समाप्तीचा प्रसाद शंकरच्या अंगणात शिजला, शिरा नि आमटी-भात. रेखाला फोन लावून तो हातोहात फिरवला, तिला पन्नास जणींनी एकच प्रश्न विचारला, कवा येतीस?

तात्या चावडीपाशी छत्री धरून उभे होते म्हणे. किती वेळ, कुणी पाहिलं नाही. आत आले नाहीत. नातसून जेवून गेली आणि डबा भरून घेऊन गेली.

गाव जिंकलं! नाही, चुकलं. गाव हरलं, आणि हरल्यावर जेवायला बसलं. मी आज इतका खूश आहे की झोप लागणार नाही.

शुक्र. ८ ऑग.

गिरणी सकाळी सातपासून चालू. रांग लागली. पट्टा तुटला, तरी लोक थांबले.

सौ.ला विचारलं, ट्रंकेतलं माहीत होतं तर बोलली का नाहीस? म्हणाली, "तुमी कवा बोलताय ते बगत हुते." चार वर्षं बघत होती.

काल एवढ्या गर्दीत शंकर माझ्याशी बोलला नाही. पंगतीत वाढायला आला, पानात भात घातला, पुढे गेला. गडबड होती म्हणून असेल.

रवि. १० ऑग.

गडबड नव्हती.

काल संध्याकाळी डेअरीपाशी भेटला. मीच पुढे झालो, म्हटलं, शंकर, चुकलं गड्या माझं. तो कॅनचं झाकण लावत होता. लावून झाल्यावर म्हणाला:

"वसंता, एक खरं सांग. डोस्क्यावर पुस्तक नसतं नि माघं गाव नसतं, तर आला असतास?"

येईल ती थाप मारता आली असती. नाही मारली.

"मंग?" तो म्हणाला. रागानं नाही, म्हणून जास्त लागलं. "गाव आलं, लय झालं. रेखाच्या आईला आता गाव सोडवंना. पर इट्याच्या माणसाला म्या शबूद दिलाय, त्याचं काय करायचं ते ठरलं न्हाई. आन् तुजं तर त्याहून न्हाई." कॅन सायकलला अडकवून गेला.

रात्रभर तेच डोक्यात. मी गावाला त्याच्या दारात नेलं खरं, पण गाव येणार ते ठाऊक होतं, नियम माझ्या बाजूचा होता. गावाच्या आडोशानं चार वर्षं लांब राहिलो आणि गावाच्याच आडोशानं जवळ गेलो. तरी जे झालं ते झालं, चाळीस घरांना वाचा फुटली, ते कुणी परत घेऊ शकत नाही. त्याचा आनंद मी सोडणार नाही. पण शंकरचा प्रश्न माझ्या एकट्याचा आहे.

आज शंकरच्या गल्लीच्या तोंडाला तात्या ओट्यावर बसलेत. जेवणवेळेपासून तिथंच, चुलतभाऊ नि आणखी तिघं-चौघं बरोबर. शंकरकडे कोण कोण जातंय ते बघत असावेत. पुढून कुणी गेलं की बोलणं थांबतं, असं सौ. सांगत होती.

धुतलेला सदरा घातला. सौ. म्हणाली, मी येऊ का सोबत? नको म्हटलं, शंकरकडे एकट्यानंच जायचंय.

चार वाजलेत. निघतो.